यंदा रंग नको, सेंटरबोर्ड आणि ड्रेनसाठी मदत हवी

सप्रेम नमस्कार.

दर हंगामाअखेर आपण मंडळाच्या शिकाऊ होड्यांच्या रंगासाठी मदत करता. यंदा रंगकाम थांबवून आम्ही होडीच्या पोटातल्या दोन गोष्टींसाठी मदत मागत आहोत: सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात उतरणारी उभी फळी, आणि ड्रेन, म्हणजे आत साचलेलं पाणी बाहेर सोडणारं तोंड.

हंगामाच्या शेवटी आपली एक शिडाची होडी परतताना वाऱ्यावर चढेना, म्हणजे वारा येतो त्या बाजूला पुढे सरकेना. सेंटरबोर्ड ज्या पेटीतून खाली-वर होतो तिच्यातच अडकून बसला होता, खाली उतरतच नव्हता. बोर्ड पाण्यात नसला की शिडाचा जोर होडीला आडवं ढकलत राहतो, सुकाणू कितीही वळवलं तरी. त्यात कॉकपिटमधलं, म्हणजे बसायच्या खोलगट जागेतलं, पाणीही ड्रेनमधून जाईना. दोन शिकाऊ मुलं आळीपाळीने बादलीने पाणी उपसत होती. शेवटी दुसऱ्या बोटीने दोरी टाकून त्यांना ओढून आणलं. मुलं सुखरूप आहेत. चूक मात्र त्यांची नव्हती, देखभाल करणाऱ्या आमची होती.

होडी कुशीवर घेतली तेव्हा पेटीच्या फटीत वाळू आणि बोटाच्या पेराएवढा खडा निघाला. बोर्ड जिच्यावर फिरतो ती पिन मधोमध इतकी झिजली होती की तिथं नख अडकत होतं. बोर्डाचं भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं आणि पिनच्या टोकांपाशी पेटीतून पाणी झिरपत होतं. ड्रेनच्या झडपेखाली तंगुसाचा तुकडा अडकलेला, आणि झडपेचं रबर वाकवताच तडकलं. हा ड्रेन चालत्या होडीच्या वेगावर पाणी खाली ओढून घेतो, पण होडी मंदावली की त्याच तोंडातून पाणी उलट आत येतं. ते अडवायला एवढी एक झडपच असते. कॉकपिटमध्ये 100 लिटर पाणी साचलं तर 100 किलोहून अधिक वजन होतं, आणि होडी कलेल त्या बाजूलाच ते धावतं.

बाकीच्या होड्याही तपासल्या. थोड्याफार फरकाने सगळ्यांची हीच गत आहे.

बोर्डांची भोकं इपॉक्सीने (वाळून कडक होणाऱ्या राळेने) भरून पिनच्या मापाने पुन्हा पाडायची आहेत. पिना, वॉशर, बोर्ड ओढायच्या दोऱ्या, ड्रेनचे पाइप, क्लिपा आणि झडपा नव्या घ्यायच्या आहेत. देणगी कोषाध्यक्षांकडे द्यावी आणि पावती जरूर घ्यावी. वस्तू देणार असाल तर पिना समुद्रात टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच द्या. पितळेची नको, खाऱ्या पाण्यात तिच्यातलं जस्त निघून जातं आणि ती ठिसूळ होते. फटी बुजवायला सिलिकॉनही आणू नका, त्यावर पुढे ना रंग धरत ना इपॉक्सी. पॉलियुरेथेन सीलंट चालेल.

पैशाइतकीच माणसांची गरज आहे. एक होडी आडवी करायला पाच-सहा जण लागतात, आणि खाली अंथरायला जुने टायर किंवा गाद्या. सरळ भोक पाडणारा हात असलेलं कुणी आपल्या ओळखीत असेल तर आवर्जून घेऊन या. शिकाऊ मुलांच्या पालकांनीही यावं. होडी पाण्यात ढकलण्याआधी बोर्ड एकदा पूर्ण खाली-वर करून आणि झडपेखाली बोट फिरवून कसं बघायचं, ते मुलांसोबत त्यांनाही दाखवू.

आपली,
होडी देखभाल समिती