माझा पोरगा बेरोजगारच आहे, तसंच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकातला बेरोजगारीवरचा लेख काल दुपारी दुकानात बसून दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं आपल्यालाच नीट कळला नसेल, म्हणून चष्मा पुसून परत वाचला. लेखकांचं म्हणणं असं की २०१७-१८ ला ६.१ टक्के असलेली बेरोजगारी २०२३-२४ ला ३.२ वर आली, म्हणजे प्रश्न सुटत आलाय, आता जे उरलंय ते पोरांच्या मानसिकतेचं आहे, त्यांना कष्ट नकोत, एसीतली सरकारी खुर्ची पाहिजे. लेखक शिकलेले आहेत, माझ्यापेक्षा दहापट वाचलेलं असणार, त्यांचा मान ठेवून सांगतो, हे चूक आहे. आणि नुसतं चूक असतं तर पेपर घडी करून ठेवला असता, पण शेजारी बसून माझा पोरगा साखरेच्या पुड्या बांधत होता आणि त्यानेही तो लेख सकाळीच वाचलेला होता, म्हणून लिहितोय.

त्या ३.२ टक्क्यांचा हिशोब आमच्याच दुकानात कसा झाला ते सांगतो. हा आकडा ज्या सरकारी रोजगार-बेरोजगारीच्या सर्वेतून येतो, त्याचा एक सर्वेवाला पोरगा दिवाळीनंतर आला, हातात टॅब, गळ्यात आयकार्ड, बोलायला अगदी नम्र. त्याला बाकड्यावर बसवलं, चहा दिला. घरात माणसं किती, कोण काय करतं, महिन्याचा खर्च किती, सगळं विचारलं. माझं झालं, मग थोरल्याची पाळी आली. थोरला एम.ए. आहे, अर्थशास्त्र, वय ३१. त्याने सर्वेवाल्याला सरळ सांगितलं, "माझं ८१ टाका." मला काही कळेना. मग कळलं की त्यांच्यात कोड असतात, ८१ म्हणजे काम शोधतोय पण मिळत नाही, आणि २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करतो. सर्वेवाला म्हणाला, "दादा, तुम्ही दुकानात बसता ना?" हा म्हणाला बसतो. "वर्षातले तीस दिवस तरी?" म्हणाला रोजच की, सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास, मधे अभ्यास. "मग मुख्य काम ८१ टाकलं तरी दुय्यम कामात २१ येणारच, आणि तुम्ही रोजगार असलेल्यात जाणार." माझा पोरगा मान हलवून गप्प बसला, कारण त्याला ते पाठ आहे. त्याच्या नोट्समध्ये ते लिहिलेलंय, सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षेला येतं. आठवड्याचं मोजायचं तर सात दिवसांत एक तास काम केलं तरी माणूस बेरोजगार धरत नाहीत, हे पण मला त्यानेच सांगितलं.

सर्वेवाल्या पोराची यात काही चूक नाही, त्याने नियमाने केलं. जाताना मी सहज विचारलं, तुझी तरी नोकरी पक्की आहे का रे बाबा, तर म्हणाला, "नाही काका, कंत्राटी आहे."

आता तुम्हीच सांगा, या दुकानात काम किती आहे? एका माणसाचं. तीस वर्षं मी एकट्याने चालवलं, बाजाराच्या दिवशी बायको मदतीला यायची. आता आम्ही दोघं बसतो, गिऱ्हाईक तेवढंच, उलट कमीच झालंय कारण मोठ्या रस्त्याला मॉल आला आणि पोरंसोरं तेलाच्या पिशव्या पण मोबाईलवर मागवायला लागली. पोरगा बसला म्हणून दुकानाचा गल्ला शंभर रुपयांनी पण वाढलेला नाही. याला छुपी बेरोजगारी म्हणतात, हे पण त्याच्याच पुस्तकात आहे. शेतात तीन माणसांच्या कामावर सहा जण राबतात ते सगळ्यांना माहीत आहे, आता ते दुकानात आलंय, एवढाच फरक. आणि त्याच सर्वेत बघा ना, २०१७-१८ ला घरच्या धंद्यात राबणारे बिनपगारी मदतनीस कामकऱ्यांमध्ये १३.६ टक्के होते ते २०२३-२४ ला १९.४ झाले, आणि दर महिन्याला पगार घेणाऱ्यांचं प्रमाण तिथल्या तिथे राहिलं, थोडं खालीच गेलं. लेखात हे एका ओळीत तरी यायला पाहिजे होतं. १५ ते २९ वयाच्या पोरांमधली बेरोजगारी त्याच सर्वेत १०.२ आहे, ते पण आलं नाही. ३.२ तेवढं मोठ्या अक्षरात आलं.

पोरांना कष्ट नकोत हे वाक्य तर मला काल रात्री झोपू देईना. माझ्या पोराने स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला पुण्यात सहा वर्षं काढली, कॉट बेसिसवर, एका खोलीत सहा जण, एक वेळ मेस आणि एक वेळ पोहे. अभ्यासिकेची फी वेगळी. मी भिशी उचलून पैसे पाठवले, ते त्याला माहीत आहे म्हणून त्याने पुण्यात एक पिक्चर बघितला नाही. २०२१ च्या मार्चमध्ये १४ तारखेची एमपीएससीची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली आणि पोरं रस्त्यावर आली ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलं, त्या गर्दीत तो होता. परत आल्यावर इथे एका डाळ मिलमध्ये सीझनभर काट्यावर उभा राहिला, रात्रपाळी, नाकातोंडात भुसा. मग चाकणला ठेकेदारामार्फत एका कंपनीत लागला, साडेबारा हजार हातात, त्यातले पाच खोलीला आणि डब्याला जायचे. सात महिने झाले आणि ब्रेक दिला. ब्रेक म्हणजे घरी पाठवायचं, दुसरा गडी घ्यायचा, म्हणजे कुणी पर्मनंट मागायला नको. त्याच्या बरोबरच्या चौदा पोरांना एकाच दिवशी ब्रेक दिला. एम.ए. झालेलं पोरगं मशीनवर बारा तास उभं राहिलं, त्याला कष्ट नकोत?

सरकारी नोकरीच्या मागे का लागतात असं विचारता. कारण तेवढीच एक जागा आहे जिथे सात महिन्यांनी ब्रेक देत नाहीत. आणि तिथे पण २०२३ च्या सप्टेंबरात नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरती करायचा जीआर निघाला होता, एवढा ओरडा झाला तेव्हा ऑक्टोबरात रद्द केला. तलाठ्याच्या ४६४४ जागांना दहा लाखांच्या वर अर्ज आले, खुल्या गटाला फी १००० रुपये. पोलीस भरतीला २०२४ ला साडेसतरा हजार जागांना सतरा लाखांच्या वर अर्ज. हे सगळे आळशी आहेत का? आळशी माणूस पहाटे चार वाजता ग्राउंडला सोळाशे मीटर पळत नाही.

एक गोष्ट घरात कुणाला बोललो नाही ती लिहितो. दुकानाची उधारीची वही असते, गिऱ्हाईकाच्या नावाने एकेक पान. गेल्या महिन्यात वसुलीला बसलो तर मागच्या बाजूला एक पान निघालं, वर नाव माझ्या पोराचं. त्याच्याच अक्षरात. फॉर्म १०००, फॉर्म ९००, झेरॉक्स ३५, एसटी जाऊन-येऊन, नागपूरला एक दिवस राहणं ४५०. तारखा घालून, तीन वर्षांचं. गल्ल्यातून जेवढे घेतले तेवढे सगळे उधार म्हणून लिहून ठेवलेत, बापाच्या दुकानात गिऱ्हाईकासारखे. ते नागपूर मला आठवतंय, एका परीक्षेचं सेंटर उदगीरच्या पोराला नागपूर दिलं, रात्रभर एसटीने गेला, सकाळी गेटवर कळलं की सर्व्हर बंद आहे, पेपर पुढच्या तारखेला. पुढच्या तारखेला परत तेच भाडं. मी पान तसंच ठेवलं, फाडलं नाही, त्याला काही म्हणालो पण नाही. काय म्हणणार होतो.

स्थळांचं तर विचारू नका. पोरगा काय करतो, दुकानात असतो, मग चहा घेऊन उठतात. त्यांचं पण चूक नाही, मलाही मुलगी असती तर मी हेच विचारलं असतं. सोलापुरात २०२२ च्या डिसेंबरात लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला तेव्हा सगळे हसले, तुमच्या पेपरने पण गमतीची बातमी म्हणून छापली. आमच्या घरात कुणी हसलं नव्हतं.

लातूरच्या रेल्वे बोगी कारखान्याचं पण एकदा लिहा. २०१८ ला भूमिपूजन झालं, २०२० च्या डिसेंबरात पहिल्या बोगीचा सांगाडा बाहेर पडला, तेव्हा इथल्या आयटीआयच्या पोरांनी किती आशा लावली होती. आजपर्यंत लातूर, उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडची किती पोरं तिथे लागली, किती पक्की आणि किती ठेकेदाराकडे, एवढा एक आकडा तुमच्या वार्ताहराला आणायला सांगा. दिल्लीचा आकडा छापायला जागा मिळते, मग याला पण मिळेल.

आणि एक, विषय तोच आहे म्हणून लिहितो. ज्या दिवशी तो लेख आला त्याच अंकात मागच्या पानावर छोट्या जाहिराती होत्या, घरबसल्या पेन पॅकिंग करा, महिना तीस हजार कमवा, फक्त मोबाईल नंबर, पत्ता नाही. आमच्या गल्लीतल्या एका पोराने अशाच जाहिरातीवर फोन केला, आधी रजिस्ट्रेशनचे दोन हजार, मग मालाचं डिपॉझिट म्हणून साडेचार हजार भरले, माल आला नाही आणि फोन बंद. आईच्या बचत गटाचे पैसे होते. पोरगं आता घराबाहेर पडत नाही. त्या जाहिराती कोण देतं, कुठून देतं, हे छापायच्या आधी एक फोन करून तरी बघा, त्या नंबरवर कोण बोलतं ते. तुमच्याकडे माणसं आहेत, आमच्याकडे कोण आहे.

लेखकांना माझा नमस्कार सांगा. उदगीरला आले तर दुकानावर यावं, सकाळी सात ते अकरा थोरला असतोच.

आपला,
एक किराणा दुकानदार, उदगीर, जि. लातूर

(नाव छापू नये ही विनंती, पोराला आवडणार नाही.)