शिडी दादाने नेली, ती माझ्या सांगण्यावरून

प्रिय आई, बाबा,
जय येशू.

दादावर रागावू नका. नारळ पाडायला काका येतात, त्यांच्याशीही मी बोलले. यंदा जांभळं तेच उतरवून देतील, पैसेही दिलेत.

बाबा, तुमच्या हातापायांत बळ नाही असं मी म्हणत नाही. पण गोळ्या सुरू झाल्यापासून मान वर केली की तुम्हाला गरगरतं, असं आई म्हणाली. आणि चिंचेची फांदी वाकते, जांभळाची कडकन मोडते, हे तुम्हीच शिकवलंत ना? झाडाला कुणी हात लावणार नाही. फादर दिब्रिटोंच्या हरित वसईच्या मोर्चात उन्हातान्हात चाललेल्या माणसाच्या वाडीत कुऱ्हाड कशी येईल? विहिरीजवळचं बाकडंही नवं करून घेतेय, पाठ टेकता येईल असं. चहा तिथेच घ्या.

तुम्ही का चढता, ते मला ठाऊक आहे. रविवारी मिस्सा झाली की कपडे बदलायच्या आत मला उंबरावर बसवायचात आणि खालून जक्कयची गोष्ट सांगायचात. जकातदारांचा मुख्य, श्रीमंत, पण बुटका. येशू दिसावा म्हणून एवढा मोठा माणूस लोकांदेखत पोरासारखा झाडावर चढला! यरीहोचं ते उंबर आपल्या उंबराच्या भावकीतलं, फांद्या खालपासूनच पसरलेल्या, म्हणून त्याला जमलं, असं सांगायचात. मला वाटायचं, येशू आपल्या वाडीवरून जाईल तेव्हा पहिला मलाच दिसेल. आजही प्रार्थनेला डोळे मिटले की मी त्याच फांदीवर असते. हे तुम्ही दिलंत, बाबा. शिडी गेली म्हणून ते जाणार नाही.

पण लूकच्या 19व्या अध्यायात येशू जक्कयला वरच बस म्हणत नाही. लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय, म्हणतो. माझ्यासाठी तेवढं ऐका.

मे महिन्यात छोटूला घेऊन येतेय. त्याला उंबरावर तुम्हीच चढवा, खाली उभं राहून. दोन्ही पाय आणि एक हात पक्का असल्याशिवाय दुसरा हात सोडायचा नाही, हे तो तुमच्याकडूनच शिकेल. गोष्टही तुम्हीच सांगा.

आई, रक्तदाबाची गोळी तुझ्यासमोर घ्यायला लाव. सुकी मासळी कमी कर. देवळात जाताना रिक्षा करा, चालत नको. आणि बाबांनी शेजारी शिडी मागितली, तर मला लगेच फोन कर.

तुमची,
बाबी