किल्ली फिरवण्याआधी

कराड,
रविवार, दुपारी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती, म्हणून 'नंतर बोलू' म्हटलं. आज दुकान बंद आहे आणि बाहेर पाऊस लागून राहिलाय. तू जे विचारलंस ते फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच टाकतो.

वॅगन-आर घेतलीस ते उत्तम केलंस. २०१६ ची, पेट्रोल, आधी एकच मालक. आता या गणपतीला एसटीच्या रांगा नकोत, कुंभार्ली घाटानं आपल्या गाडीतून थेट चिपळूण, हेही पटलं. पण 'एकदा मेकॅनिककडून चेक करून घेतो, म्हणजे झालं ना?' असं जे म्हणालास, तिथं थोडं अडलं. चेक करून घेच, पण मेकॅनिक ती गाडी वर्षातून एकदोनदा बघणार आणि तू रोज. स्पेअर पार्टच्या काउंटरमागं उभं राहून मी हे सारखं बघतो. गिऱ्हाइकाला विचारावं, 'झालंय काय गाडीला?' तर उत्तर ठरलेलं, 'मेकॅनिकनं हे आणायला सांगितलंय.' आवाज कधी येतो, वळताना की ब्रेक दाबल्यावर, गाडी गार असताना की तापल्यावर, काही सांगता येत नाही. मग तीनशेच्या रबरी बुशाऐवजी तीन हजारांचा शॉकअब्सॉर्बर घेऊन जातात.

तू पाना घेऊन गाडीखाली झोपावंस असं मी म्हणत नाहीये. तुझी गाडी धडधाकट असताना कशी दिसते, कशी वाजते, तिचा वास कसा असतो, एवढं अंगवळणी पडू दे. बाकीचं मेकॅनिक बघेल, पण तो काय सांगतोय ते तुला तोलता येईल.

यातलं बहुतेक सगळं सकाळी, किल्ली फिरवायच्या आधी करायचं. रात्रभर गाडी उभी असली की ऑइल खाली उतरून बसतं, इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटमधलं प्रेशर गेलेलं असतं आणि टायर गार असतात. गाडी दहा किलोमीटर चालवून आणलीस की या तिन्ही गोष्टी वेगळंच काहीतरी सांगायला लागतात.

टायरपासून सुरू कर. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसेल. त्यावर हवेचे आकडे असतात, आणि बऱ्याच गाड्यांच्या स्टिकरवर दोन प्रकारचे असतात: कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी. गणपतीला तुम्ही चौघं, वर मखराचं सामान, परतताना काकूंनी बांधून दिलेलं तांदळाचं पोतं, म्हणजे भरलेल्या गाडीचाच आकडा धरायचा. पंपावरचा पोरगा न विचारता 'तीस-तीस' मारतो, त्याला आकडा तू सांग. आणि लांबून गाडी चालवत पंपावर गेलास तर तापलेल्या टायरात हवा तीनचार पीएसआय जास्त दिसणारच. ती जास्त वाटते म्हणून सोडायची नाही. हवा मोजायचा स्वतःचा गेज घेऊन ठेव, डॅशबोर्डच्या कप्प्यात मावतो. टायरात नायट्रोजन भरावा का, असं विचारलं होतंस. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. पंधरा दिवसांनी हवा तपासणाऱ्या माणसाला फुकटची हवा पुरते.

मग तळव्यानं टायर चाचपून बघ, आडवा हात फिरव. दोन्ही कडा झिजल्या असतील तर आधीच्या मालकानं कमी हवेवर गाडी चालवलीय. मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त होती. एकच कड खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, गेलंय. खाचांच्या तळाशी मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात. रबर झिजत त्यांच्या बरोबरीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर संपला. पाऊस आणि घाट धरला तर मी तेवढी वाटही बघणार नाही. बाजूच्या भिंतीला फुगा दिसला तर आत दोरा तुटलाय, त्याला पंक्चरवाल्याकडं इलाज नाही, टायर बदलायचा.

तुझी गाडी जुनी घेतलेली, म्हणून अजून एक बघ. टायरवर 'डॉट' या अक्षरांपासून सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. समजा २३१७ असेल, तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी शाबूत आणि टायर म्हातारा असं जुन्या गाड्यांत फार दिसतं, कारण त्या उन्हात उभ्याच जास्त असतात. रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. पाचही टायरचे आकडे बघ, स्टेपनीसकट. स्टेपनी बहुतेकदा गाडीच्याच वयाची निघते.

स्टेपनी काढलीच आहेस तर घरासमोर एक चाक बदलूनही बघ. टायरवाले नट हवेच्या गननं इतके आवळतात की गाडीसोबतच्या छोट्या पान्यानं ते हलत नाहीत, आणि हे माणसाला कळतं रात्री पाटणच्या पुढं, भर पावसात. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करायचे, मग जॅक लावायचा. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळायचे. पान्याला मागं घालायला हातभर लोखंडी पाइप डिकीत टाकून ठेव, जोर अर्धा लागतो.

आता बॉनेट. पिवळ्या कडीची डिपस्टिक बाहेर काढ, चिंधीनं स्वच्छ पूस, परत पूर्ण आत घाल आणि मग काढून बघ. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते खरं नसतं, वरपर्यंत उडालेलं ऑइल त्याला चिकटलेलं असतं. गाडी सपाट जागेवर हवी. दोन खुणांच्या मध्ये लेव्हल असली की झालं. वरच्या खुणेच्या वर भरणं तितकंच वाईट, ऑइल घुसळून फेस होतो. रंग काळपट झाला म्हणून घाबरू नकोस, इंजिनातली काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र गाडी सुरूच करू नकोस; ऑइलमध्ये पाणी शिरलंय, बहुतेक हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलमधून. आणि दर सर्व्हिसला 'इंजिन फ्लश करू का साहेब?' असं विचारतील, म्हणजे इंजिन आतून धुऊन काढायचं. वेळेवर ऑइल आणि फिल्टर बदलत असशील तर नाही म्हण. ते पैसे चांगल्या ऑइलला घाल.

कूलंटची प्लास्टिकची टाकी बाहेरूनच दिसते, खुणा तिच्यावरच असतात. तिथं नळाचं पाणी ओतू नकोस. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं आत क्षार धरतात. तुझ्या टाकीत आत्ता गंजाच्या रंगाचं पाणी दिसलं तर आधीच्या मालकानं तेच केलंय, मग सगळं काढून नवीन भरून घे. घाटात वाफा निघाल्या तर गाडी कडेला घे, बंद कर आणि चांगला अर्धा तास थांब. रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नकोस. आत पाणी शंभर अंशांच्या वर असूनही केवळ प्रेशरमुळं उकळत नसतं. झाकण सैल केलंस की ते एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कुंभार्ली तुला उतरायचाय आणि पुण्यात गाडी चालवून त्याचा सराव होत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्या 'डॉट ३' दर्जाच्या ब्रेक ऑइलचा (टायरवरच्या 'डॉट'शी याचा संबंध नाही) उत्कलनबिंदू निदान २०५ अंश असतो, ओलावा धरला की तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ चं हेच २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की डिस्क तापते आणि तिच्याजवळचं ऑइलही. जुनं ऑइल तिथं उकळतं, त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पेडल मऊ पडतं, खाली जातं, गाडी मात्र थांबत नाही. सपाटीवर त्या ब्रेकमध्ये काही दोष दिसत नाही, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं हे ऑइल लोक दहा वर्षं तसंच ठेवतात. तुझ्या गाडीचं कधी बदललं याची पावती आहे का? नसेल तर निघायच्या आधी पुण्यात बदलून घे. कुठलं घालायचं ते बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं.

डबीतली लेव्हल खाली गेलेली दिसली तर नुसतं वरून ओतू नकोस. ब्रेकचे पॅड झिजले की लेव्हल हळूहळू उतरतेच, म्हणजे ती तुला पॅड बघायला सांगतेय. लेव्हल एकाएकी उतरली तर कुठंतरी गळतंय. ओतताना रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धू, रंग खातं ते.

आणि उतरताना न्यूट्रल करायचं नाही. आपल्या हॉस्टेलच्या दिवसांत सगळे पेट्रोल वाचवायला करायचे. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पेट्रोल तोडलंच जातं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळतं. ज्या गिअरमध्ये चढ चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर, लागलं तर सेकंड. मागचा हॉर्न वाजवतोय तर वाजवू दे. खाली पोफळीला पोचल्यावर चाकांना जळका वास आला नाही, तर नीट उतरलास.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवट पीठ साठलं असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशनं साफ कर, नंतर व्हॅसलिनचं बोट फिरव. तार काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी. उलट केलंस आणि लाल टर्मिनलवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतील.

वायपरच्या खाली, काचेच्या बुडाशी पानं साचतात, ती हातानं काढ. तुझ्या सोसायटीत गुलमोहर आहे ना? त्याची बारीक पानं पाणी जायची भोकं बुजवतात आणि मग पायाखालचं कार्पेट का भिजतंय ते कुणाला कळत नाही. एसी चालवल्यावर गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकतं ते मात्र बरोबर आहे. शंका आली तर रात्री इंजिनखाली पेपर पसर आणि सकाळी डाग बघ: काळा-तपकिरी तेलकट डाग ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी चिकट डाग कूलंटचा. पेपरवर लेंड्या दिसल्या तर उंदीर. बॉनेटमध्ये तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या ठेवणारे पुष्कळ भेटतात. माझा त्यावर विश्वास नाही. गाडी आठवडाभर एका जागी उभी ठेवू नकोस, आत खाऊची पाकिटं सोडू नकोस, आणि बॉनेट उघडत राहा.

किल्ली 'ऑन'वर फिरवलीस की मीटरमधले दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. 'विझले का' हे सगळे बघतात, तू 'लागले का' तेही बघ. जुनी गाडी विकताना बिघाड लपवायला दिवाच बंद करून ठेवणारे महाभाग असतात. चालवताना ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असा विचार करू नकोस, तिथंच इंजिन बंद कर.

तुला भीती वाटेल म्हणून फोनवर बोललो नव्हतो, पण चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. आतल्या टोकाला मातकट डाग किंवा कुबट वास असेल, सीटच्या रुळांवर गंज असेल, तर गाडी कधीतरी पुरात बुडालेली आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीनं काय केलं ते तुमच्या घरानं पाहिलंय. तशा पाण्यात गाडी उभी राहिली किंवा चालताना पाण्यात बंद पडली, तर परत स्टार्ट मारायचा नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कामातून जातं. साध्या विम्यात हा खर्च बहुतेक बसत नाही. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन घेतलंय का ते बघून ठेव. पीयूसीची तारीखही बघ.

निघायचं ठरलं की कळव. पुण्याहून येताना लोक उंब्रजवरूनच परस्पर पाटणकडं वळतात, तू तसं करू नकोस. कराडपर्यंत ये, जेवूनच पुढं जा. तोवर टायरवरचे ते चार-चार आकडे आणि दोन्ही वायपरची लांबी मोजून पाठव. ड्रायव्हरकडचा वायपर मोठा असतो, म्हणून दोन्ही वेगवेगळे मोज. ब्लेड काढून ठेवतो, इथंच बसवू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. अण्णांना सांग, पुढच्या सीटवर बसून पायानं ब्रेक दाबायचे नाहीत.

तुझा,
दिलीप

ता. क. पाठीमागं भिंत असेल अशा जागी संध्याकाळी गाडी लाव आणि ब्रेक दाब. दोन्ही बाजूंना लाल उजेड पडला तर ब्रेकलाइट चालू आहेत, त्यासाठी वहिनींना पावसात मागं उभं करायची गरज नाही. एकच बाजू दिसली तर तेही कळव, बल्ब माझ्याकडं आहे.