कर्लिंग म्हणजे नुसती झाडलोट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळी ऑलिम्पिकच्या दिवसांत आपल्या क्रीडा पानावर कर्लिंगचा फोटो आला होता. बर्फावरून दगड घसरवत वर्तुळाच्या मध्याशी नेण्याचा हा खेळ; प्रतिस्पर्ध्यापेक्षा जितके दगड मध्याच्या जवळ, तितके गुण. फोटोखाली ओळ होती, ‘बर्फावर झाडू मारा, पदक मिळवा!’ मी मूळची मिरजेची, आता कॅनडात विनिपेगला राहते. इथे पारा उणे तीसला गेला की अर्धं गाव कर्लिंग क्लबात असतं. म्हणून ती ओळ झोंबली.

ब्रश मारणाऱ्या दोघी फोटोत दिसतात, पण डाव चालवते ती स्किप, म्हणजे संघाची कर्णधार. ती पलीकडच्या टोकाला वर्तुळात उभी राहून ब्रश टेकवते, की नेम इथे धरायचा. सुमारे वीस किलोचा ग्रॅनाइट एकदा हातातून सुटला की बर्फ घासायचा की नाही, हे ती ओरडून सांगते. घासलं तर दगड लांब जातो आणि कमी वळतो. फेरीतले आपल्या संघाचे शेवटचे दोन दगड बहुतेक वेळा तिचेच असतात, म्हणजे बाकीच्यांनी घातलेला घोळ निस्तरायचाही तिनेच.

आमच्या विनिपेगची जेनिफर जोन्स घ्या. पेशाने वकील. २००५ साली सेंट जॉन्सला राष्ट्रीय स्पर्धेची फायनल होती. शेवटचा दगड तिच्या हातात, आणि समोरचा ओंटारियो प्रांताचा संघ ६-४ ने पुढे. त्यांचा दगड मधोमध बसलेला. जोन्सने वर्तुळाबाहेर पडलेल्या एका दगडावर आपला दगड हाणला, तो तिथून वळून आत शिरला आणि मधल्या दगडाला घेऊन गेला. एका फटक्यात चार गुण, ८-६. कॅरममध्ये बाजूच्या सोंगटीवर स्ट्रायकर आपटून क्वीन काढणारे असतात ना, तशी ही बाई. फक्त इथे बर्फाची पट्टी जवळपास पंचेचाळीस मीटरची!

२००८ ते २०१० सलग तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवल्यावर तिने आपल्या जुन्या सहकारी कॅथी ओव्हर्टन-क्लॅपमला संघातून काढलं. टीका खूप झाली. मलाही ते रुचलं नाही, आजही रुचत नाही. पण असे कटू निर्णय घेणं हेही स्किपचंच काम. २०१२ मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुलगी झाली, आणि २०१४ ला सोचीत अकराच्या अकरा सामने जिंकून सुवर्ण. ऑलिम्पिकमध्ये एकही सामना न हरता सुवर्ण मिळवणारी ती पहिली महिला स्किप. आपल्याकडे बाळंतपणानंतर खेळाडूचं ‘पुनरागमन’ म्हणून रकानेच्या रकाने भरतात, ते हिच्याबद्दल का नाही?

२०२४ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ती शेवटची महिला राष्ट्रीय स्पर्धा खेळली. फायनलला पोहोचली आणि रेचल होमनच्या संघाकडून ५-४ अशी हरली.

क्रिकेटचं पान कमी करा असं माझं म्हणणं नाही. मीही तेच आधी वाचते. पण पुढच्या वेळी कर्लिंगचा फोटो छापाल तेव्हा खाली स्किपचं नाव आणि सामन्याचा गुणफलक तेवढा द्या.

आपली नियमित वाचक,
विनिपेग, कॅनडा