घरट्याचा पत्ता छापू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेले पक्ष्यांचे फोटो येतात. ते कापून मी वहीत चिकटवतो, नातवंडांना दाखवतो. त्याच पानासाठी ही विनंती आहे.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर 31 वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर एक जुना कॅमेरा आणि 400 मिलिमीटरची लेन्स घेतली. बायकोचं माहेर वेंगुर्ला तालुक्यात, म्हणून हिवाळ्यात महिन्यातून एकदा तरी बाची, शिनोळी, आंबोली करत खाली उतरतो. निवती-भोगवे भागात कड्याखालचे खडक सुकतीला, म्हणजे ओहोटीला उघडे पडतात, तिथे भल्या पहाटे जाऊन बसायचं. समुद्री बगळा अंग चोरून, मान खाली घालून खडकावरून सरकत येतो. काही बगळे पाटीसारखे काळपट राखाडी, काही पांढरेशुभ्र. दोन्ही एकाच जातीचे, हे पटायला मला दोन हिवाळे लागले. समोर पाण्यात डॉल्फिन दिसतात, तिथले मच्छीमार त्यांना गादे म्हणतात. होडीवाल्याने इंजिन बंद केलं की ते आपणहून वर येतात. पाठलाग केला की बुडी मारून लांब निघून जातात.

पण मला लिहायचंय ते समुद्री गरुडाबद्दल. पोट पांढरं, पाठ राखाडी, शेपटी पाचरीसारखी, पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास. जोडपं वर्षानुवर्षं तेच घरटं वापरतं, दरवर्षी त्यात नव्या काटक्या घालतं. मी पाहतो ते घरटं एका वाडीतल्या उंच सुरूच्या झाडावर आहे. ठिकाण मुद्दाम लिहीत नाही. झाडाखाली समुद्री सापांचे सांगाडे पडलेले असतात. वाडीतल्या आजी म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यान ह्यां झाड तोडूक दिल्यान नाय." त्या झाडाखालून त्या रोज ये-जा करतात, पण गरुड उठत नाही.

गेल्या फेब्रुवारीत घरट्यात एक पिल्लू होतं. मी लांब, करवंदीच्या जाळीआड बसलो होतो. केए 22 पासिंगची गाडी आली, पाच तरुण उतरले. बोली आपलीच, बेळगावची. ऐकून मला आधी बरंच वाटलं. मग त्यांनी ड्रोन वर सोडला. मादी घरट्यावरून उठली, नरही आला आणि दोघं बदकासारखा घोगरा आवाज काढत घिरट्या घालू लागले. मी धावत जाऊन सांगितलं, तर उत्तर आलं, "काका, एकच शॉट घेतो आणि उतरवतो की!" ड्रोन उतरायला वीस मिनिटं लागली. साडेअकराचं ऊन, पिल्लू उघडं, शेजारच्या माडावर दोन कावळे येऊन बसलेले. त्या दिवशी पिल्लू वाचलं. पण रात्री तो फोटो नकाशावरच्या खुणेसकट माझ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि पुढच्या रविवारी त्या वाडीत आठ गाड्या होत्या. मार्चमध्ये गेलो तेव्हा घरटं रिकामं होतं. पिल्लू उडून गेलं म्हणावं तर त्याला अजून पुरते पंखही फुटले नव्हते. काय झालं असेल, याचा विचार अजून मनातून जात नाही.

ती पोरं दुष्ट नव्हती. घरट्यावरच्या पक्ष्याचा फोटो काढणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही धरलेलं आहे. मलाही हे साठी उलटल्यावर कळलं. आणि पत्ता फुटला की काय होतं, ते त्याच किनाऱ्याने आधी पाहिलंय. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात असलेल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवरच्या गुहेत पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात आणि ती घरटी विकण्यासाठी चोरून नेली जात होती.

म्हणून विनंती अशी, की घरट्यावरच्या पक्ष्याचा, अंड्यांचा किंवा पिल्लांचा फोटो आपण छापू नये. कितीही देखणा असला तरी नाही. निसर्गछायाचित्रांच्या अनेक स्पर्धांमध्ये असे फोटो घेतच नाहीत. बाकीच्या फोटोंखाली जिल्ह्याचं नाव पुरे, गावाचं नको. आणि फोटो मागवताना त्याच चौकटीत एक ओळ घाला : किती अंतरावरून काढला, ड्रोन वापरला का, ते लिहून पाठवा. आपलं पान खानापूरपासून निपाणीपर्यंतची पोरं बघतात. तिथे जे छापून येतं, तसाच फोटो काढायला ती निघतात.

दिवाळीच्या सुमारास ते जोडपं पुन्हा काटक्या आणू लागेल. बेळगावहून गाड्या सुटायच्या आत हे छापून यावं, म्हणून आजच लिहायला बसलो.

आपला,
एक निवृत्त कामगार,
वडगाव, बेळगाव