वेणी घालायला शिकवणाऱ्या मावशींना

मावशी,
सा. न. वि. वि.

फोस्टर केअरमध्ये, म्हणजे दुसऱ्या घरचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळायच्या व्यवस्थेत, मुलगी घरी येते तेव्हा सोबत कागद पुष्कळ येतात. बालकल्याण समितीचा आदेश, शाळेचे कागद, लसींचं कार्ड. तिचे केस कसे विंचरायचे हे मात्र कशातच लिहिलेलं नसतं. ते तुम्ही दाखवलंत. बालगृहात शाळेच्या वेळेआधी रांगेनं वेण्या घालणारे तुमचे हात आम्हा नवख्या पालकांसाठी मुद्दाम सावकाश चालले, म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात मोठं ऋण गुंत्याच्या धड्याचं. आधी विचारायचं, "आता हात लावू का?" मुलगी नाही म्हणाली तर थांबायचं. ज्या मुलीनं मार खाल्लाय ती मागून अचानक आलेल्या हातानं दचकते, म्हणून समोर आरसा हवा आणि प्रत्येक वेळी "आता डावी बाजू" असं सांगून मगच कंगवा लावायचा. ती पाटावर, आपण मागे खुर्चीत. तिचं डोकं आपल्या छातीच्या खाली राहिलं की खांदे भरून येत नाहीत.

मग बोटांवर खोबरेल घेऊन दोन बोटं जाडीची एकच बट धरायची. गुंत्याच्या वर मुठीत घट्ट पकडायची, म्हणजे ओढ मुठीला बसते, टाळूला बसत नाही. रुंद दातांचा कंगवा शेंड्यापासून सुरू करून चार-चार बोटं वर सरकायचं. मुळापासून खाली ओढलं की सगळे छोटे गुंते एकाच गाठीत गोळा होतात. नुसत्या पाण्यानं भिजलेल्या केसांत तर कंगवा घालायचाच नाही. ओला केस ताणला जातो आणि तुटतो. अगदीच घट्ट गोळा झाला तर आडवी कात्री न लावता केसांच्या दिशेनं उभी लावून गोळ्याचे दोन-तीन भाग करायचे, लांबी बरीचशी वाचते. आणि अशा गोळ्याला कुणी देवीची जट म्हणालं तर ऐकायचं नाही, हे तुम्ही ठणकावून सांगितलंत ते फार बरं केलंत. तो न विंचरलेला, मळ साचलेला गुंताच असतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते कितीतरी बायकांच्या जटा काढून हेच दाखवत आले आहेत.

उवांचंही तसंच. खोबरेलानं ऊ सुस्तावते, लिखा मरत नाहीत. लीख ७ ते १० दिवसांत फुटते, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध एकदा लावून भागत नाही, बहुतेक औषधं तितक्याच दिवसांनी पुन्हा लावावी लागतात. मधल्या काळात ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून, गुंता आधी काढून, बारीक फणी टाळूपासून शेंड्यापर्यंत फिरवायची आणि दर खेपेला पांढऱ्या फडक्यावर पुसून बघायचं. रॉकेल कधीही नाही.

आता वेणी. भांग नाकाच्या शेंड्याच्या रेषेत धरून थेट मानेपर्यंत न्यायचा. मागे तो वाकडा गेला की एक वेणी जाड, दुसरी शेपटासारखी. एका बाजूला चाप लावून ठेवायचा. दुसरीचे तीन सारखे पेड: उजवा मधल्यावर, डावा मधल्यावर. हात मानेलगत, खाली. हात बाहेर ओढून विणलं तर वेणी कानाजवळ दांड्यासारखी उभी राहते. अर्ध्याच्या खाली आलं की रिबीन मधोमध दुमडून मधल्या पेडावर टाकायची आणि तिची दोन टोकं दोन पेडांबरोबर विणत न्यायची. शाळेच्या दुमडलेल्या वेणीला साधारण एक मीटर रिबीन पुरते. नुसती शेंड्याला बांधलेली रिबीन मधल्या सुट्टीपर्यंत गळून पडते, विणलेली दिवसभर टिकते. रबरबँड नको, काढताना केस तुटतात.

घट्ट वेणीनं केस वाढतात, हा समज तुम्हीच मोडलात. कपाळाजवळची कातडी ताणलेली दिसली, बारीक पुटकुळ्या आल्या किंवा भुवई वर करताना दुखलं, तर वेणी लगेच सोडायची. रोजच्या ओढीनं कपाळाकडचे केस विरळ होत जातात आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर ते परत येत नाहीत.

शेवटची गोष्ट तुम्ही निघताना दारात सांगितलीत: आई कशी वेणी घालायची हे मुलीला विचारा, आणि न विचारता केस कापू नका. तिच्या घरच्यांची भेट ठरली असेल त्या दिवशी आईसारखीच वेणी. एक असो की दोन, भांग मधला असो की बाजूचा. ती आपल्याकडे किती दिवस असेल हे ठरलेलं नसतं, पण आईला ती ओळखीची दिसली पाहिजे.

दिवाळीच्या सुट्टीत मुली घेऊन भेटायला येतोय. वेण्या आम्हीच घालून आणू. मागचा भांग तेवढा तपासा.

तुमचे,
आम्ही पालक