बेळगावच्या उद्यमबागेतल्या मेस्त्री काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

घरी येऊन आभार मानले असते तर "चहा घे आणि गप बस की" म्हणाला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाव घालत नाही, तुम्हाला ते खपायचं नाही.

भातातली भांगलण हलकी व्हावी म्हणून मी तण काढायचं, हाताने ढकलायचं कोळपं केलं. येळ्ळूरच्या शिवारात दाखवलं. कौतुक सगळ्यांनी केलं, विकत कुणी घेतलं नाही. डिप्लोमा झालेल्या मुलीने आता बँकेच्या परीक्षा द्याव्यात, असं घरात सुरू झालं. त्याच दिवसांत शिफ्ट सुटल्यावर तुम्ही मला कारखान्यातला लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, मोकळा करून देऊ लागलात. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मी तिथेच ऐकली, तुकड्यातुकड्यांनी, मध्येच "फीड कमी कर" ऐकत.

किर्लोस्कर रोडवर आम्ही खरेदीला जातो, पण त्या नावामागची धडपड कुणी सांगितलीच नव्हती. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला 1869 साली जन्म. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, तर काही रंग नीट ओळखताच येत नाहीत हे कळलं. मग यंत्रांचं ड्रॉइंग धरलं, तेच पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं. बढती डावलली तशी नोकरी सोडून बेळगाव गाठलं. भावाबरोबर सायकलींचा धंदा होताच. पुढे कडबाकुट्टी, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, असं शेतकरी म्हणायचे. पहिले 40 नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्यात ठळकवाडीतली जागा नगरपालिकेला हवी झाली आणि कारखाना हलवायची पाळी आली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ आणि 10,000 रुपयांचं कर्ज दिलं, म्हणून 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसू लागली. बेळगावने काय घालवलं, हे तुम्ही दर वेळी एक शिवी हासडून सांगायचात. ती इथे लिहीत नाही.

माझं मन त्या 40 नांगरांपाशीच अडकलं. दोन वर्षं माल पडून असताना माणूस रोज कारखान्यात जातो कसा, असं मी विचारलं. तुम्ही उत्तर दिलंच नाही. उलट मलाच विचारलंत, "तुझं कोळपं ढकलणार कोण? बायका. त्यांच्या हातात दिलंस का कधी?"

दुसऱ्या दिवशी दिलं. दांडा उंच पडत होता, खांदे भरून येत होते. चिखल दातांत बसला की दर थोड्या वेळाने काडीने उकरावा लागत होता. बांधावर उभं राहून कौतुक करणाऱ्या पुरुषांपैकी एकानेही हे सांगितलं नव्हतं. त्यांनी कधी भांगललंय कुठे! मग दांड्याला भोकं पाडून उंची कमीजास्त होईल असं केलं, दातांमधली फट वाढवली. प्रत्येक फेरबदल तुमच्या लेथवर झाला, आणि प्रत्येक वेळी तुम्ही "अजून एकदा बायकांना दाखव" म्हणून परत पाठवलंत. वैताग यायचा, खरं सांगते.

यंदा भांगलणीच्या आधीच खानापूरकडून मागणी आली आहे. म्हणजे लेथ पुन्हा लागणार. पण भंगारातून काढून दिलेल्या पाइपचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत. ते आधी घ्या, मगच चावी मागायला येईन.

तुमची,
लेथवरची पोरगी